विमानाच्या नाकातल्या चकत्या

आमच्या ह्यांना कामावर सगळे 'तराजू' म्हणायचे. हजेरीच्या वहीत वेगळं नाव होतं, पण त्या नावाने कुणी हाक मारली असती तर ह्यांनीही वळून पाहिलं नसतं. विमानतळावर एकतीस वर्षं एकच काम, विमानाच्या पोटात सामान चढवायचं आणि उतरवायचं. बॅग उचलली की म्हणायचे, "साडेअठरा." काट्यावर ठेवली की साडेअठराच. फार तर पाव किलोचा फरक. लोक पैजा लावायचे आणि तोंडावर पडायचे. लग्न झाल्यावर मला पहिल्यांदा उचललं तेव्हासुद्धा या माणसाने आकडा सांगितला. मी आठ दिवस अबोला धरला होता.

एवढी वर्षं विमानाच्या पोटात काढली, पण तिकीट काढून विमानात बसले मात्र एकदाही नाहीत. मी म्हणायचे, "एकदा तरी बसू या हो." तर म्हणायचे, "नको गं बाई. मागे-पुढे भार कसा लावलाय ते बघितल्याशिवाय मला आत झोप यायची नाही."

निवृत्त झाले त्या दिवशी साहेबांनी एक खोका दिला. घरी उघडला तर आत प्लास्टिकचं विमान, तेही तुकड्या-तुकड्यांत. मी म्हटलं, "अहो, हे मोडकं दिलंय. परत करा." हे इतके हसले की ठसका लागला. मग कळलं की ते जोडायचंच असतं. मोठी माणसं असली विमानं जोडत बसतात आणि त्यासाठी वेगळी दुकानं असतात, हे मला साठीला टेकल्यावर कळलं.

तेव्हापासून सात वर्षं आमच्या घरात दोन टेबलं समोरासमोर आहेत. खिडकीशी माझं शिवणयंत्र आणि भिंतीशी ह्यांचं विमान. मी लोकांचे पडदे शिवते, पँट आखूड करते, चेन बदलते. हे पंख जोडतात. माझ्या टाचण्या ह्यांना गोंदाचा थेंब लावायला लागतात. कपडे वाळत घालायचे चिमटे ह्यांना दोन तुकडे दाबून धरायला लागतात. माझी नखं घासायची कानस गेली ती गेलीच. एका खोलीत दोन कारागीर म्हणजे एका म्यानात दोन तलवारी. पण आमचं बरं चाललं होतं.

पहिल्या दिवशी ह्यांनी सगळे तुकडे भांड्यांच्या साबणाने धुतले. मी म्हटलं, "घरातली भांडी कधी धुतली नाहीत आणि विमान धुताय?" तर म्हणे साच्याचं तेल असतं त्यावर, रंग धरत नाही. तुकडे एका प्लास्टिकच्या चौकटीला चिकटलेले येतात. प्रत्येकाला नंबर. ते पक्कडीने तोडायचे, पण अगदी अंगाला लावून नाही. थोडं लांबून तोडायचं, उरलेला कोंभ पातीने कापायचा, मग पॉलिशपेपर पाण्यात बुडवून घासायचं. आधी खरखरीत, मग मऊ, मग त्याहून मऊ. गोंदही चिकट नसतो, पाण्यासारखा पातळ असतो. तो प्लास्टिकच विरघळवतो आणि दोन तुकड्यांचा एक होतो. "चिकटवलं नाही, एकजीव केलं," असं म्हणतात हे. सांधा दिसला की ह्यांना जेवण जात नाही.

आणि तो कागद! विमान कसं जोडायचं ते सांगणारा कागद असतो, पण त्यावर अक्षर म्हणून एक नाही. नुसते बाण आणि आकडे. मी दोनदा वाचायला घेतला, दोनदा डोकं गरगरलं. माझ्या ब्लाऊजच्या कटिंगवर म्हणे ह्यांनाही तसंच होतं. हिशेब बरोबरीचा.

हे सगळं सांगितलं नाही तर पुढचं कळायचं नाही, म्हणून सांगितलं. खरं म्हणजे मला स्वतःलाच अजून नीट उमगलेलं नाही. जसं झालं तसं सांगते.

गेल्या वर्षभरात घरात वस्तू गायब व्हायला लागल्या. यंत्राच्या बॉबिन सापडेनात. मोठी कात्री गेली. कपाटाची किल्ली गेली. मी ह्यांच्यावर तोंड टाकायचे, "कुठे ठेवलीत?" हे गोंधळून इकडेतिकडे बघायचे, "मी? मी घेतली होती का?" म्हणायचे आणि आपल्या टेबलाचे खण उपसायला लागायचे. आधीच हा माणूस छत्री विसरणारा, चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधणारा. मला वाटलं, झालं, वय झालं.

लेकीचा रोज संध्याकाळी फोन असतो. मी तिला सांगायचे, आज हे हरवलं, आज ते हरवलं. आई लेकीशी नाही बोलणार तर कुणाशी? पण मी जे सांगत गेले त्याची तिने तिकडे यादी केली असावी. एक दिवस म्हणाली, "आई, बाबांचं मला काही ठीक वाटत नाही. अशी माणसं वस्तू भलत्या जागी लपवून ठेवतात. आमच्याकडच्या एका आजोबांनी किल्ल्या बुटात ठेवल्या होत्या. महिनाअखेरच्या रविवारी मी येते. बाबा खरंच विसरत असतील तर हे घर बंद करायचं आणि दोघांनी माझ्याकडे राहायचं. मी काही ऐकून घेणार नाही."

लेक सोन्यासारखी आहे, जावईही वाईट नाही. पण तिच्या घरात एका टेबलाला जागा नाही, दोन तर सोडाच. पडद्याची गिऱ्हाइकं तिकडे कोण देणार? आणि हे तिथे दिवसभर करणार काय? भिंतीकडे बघत बसणार? मी ठरवलं की रविवारपर्यंत ह्यांची एकही चूक बाहेर दिसू द्यायची नाही. मी झाकणार. चाळीस वर्षं लोकांच्या कपड्यांचे फाटके भाग झाकलेत, हे काय कठीण!

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तेव्हा ह्यांनी मोठं विमान घेतलं होतं. एकतीस वर्षं ज्यात सामान भरलं, अगदी तेच मालवाहू विमान, हातभर लांब. म्हणाले, "लेक येईल तेव्हा तिला दाखवीन. बापाने काय उचललं ते तिने कधी पाहिलंच नाही." ते झालं की आपण पुन्हा धडधाकट ठरणार, असंच काहीतरी त्यांच्या मनात असावं. लेकीचं फोनवरचं बोलणं ह्यांनाही कळलं होतं. भिंती पातळ आहेत आमच्या.

एका दुपारी हे नवीन पाती आणायला दुकानात गेले. मी वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंचे पडदे शिवत होते. पडदा सरळ पडावा म्हणून खालच्या काठात, कोपऱ्यांना, शिशाच्या चकत्या घालतात, शर्टाच्या बटणाएवढ्या. माझ्या डबीत सात असायला हव्या होत्या. डबी रिकामी. मी शोधून दमले, आणि सहज ह्यांच्या टेबलाकडे गेले. विमानाच्या पोटाचे दोन अर्धे भाग उघडे पडले होते, उभ्या चिरलेल्या शेंगेसारखे. नाकाच्या जागी एक छोटी भिंत नुसती टेकवून ठेवलेली होती. ती हलली, आणि मागे काय? माझ्या चकत्या! सातही! फटी बुजवायच्या पुटीनमध्ये खोचून, वरून ती भिंत लावून लपवलेल्या.

किल्ल्या बुटात आणि चकत्या विमानात. लेक म्हणते ते खरंच. मी तिथेच खुर्चीत बसले आणि रडले.

शहाण्या बाईने विचारलं असतं, "अहो, हे काय?" मी नाही विचारलं. वाटलं, विचारलं तर ह्यांना लाज वाटेल. स्वतःला कळेल की आपलं डोकं चालत नाही. म्हणून ह्यांच्याच चिमट्याने मी एकेक चकती उपटून काढली, पुटीन सारखं केलं, भिंत होती तशी टेकवली. चकत्या नीट सांभाळून ठेवल्या. आणि ह्यांना चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी दोन्ही अर्धे एकजीव केले. सांध्यावर पुटीन, घासणं, पुन्हा पुटीन, पुन्हा घासणं. मग रंग. मग पाण्यात भिजवून सरकवायची चित्रं, दारावरची अक्षरं, शेपटीवरचा पट्टा. एकदा विमान तळहातावर घेऊन हे बराच वेळ उभे राहिले. म्हणाले, "हलकं लागतंय का गं?"

मी म्हटलं, "प्लास्टिक आहे ते. हलकं लागणारच."

"हो," म्हणाले. "तेही खरंच. हातसुद्धा म्हातारे झाले आता."

हे वाक्य आठवलं की अजून मला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

चाकं सगळ्यात शेवटी लावतात. शनिवारी लावली आणि विमान पालथं करून स्पंजावर वाळत ठेवलं. रविवारी लेक आली. जावयाला काम होतं, एकटीच आली. मी घर लख्ख करून ठेवलं होतं. हे स्वच्छ शर्ट घालून बसले होते. जेवणं झाल्यावर म्हणाले, "ये, तुला दाखवतो."

दोन्ही हातांनी विमान उचलून टेबलावर ठेवलं. हात सोडले. विमानाचं नाक हळूच वर गेलं आणि शेपूट खाली टेकली. पुढचं चाक हवेत.

ह्यांनी नाक दाबून खाली केलं. सोडलं. पुन्हा शेपटीवर बसलं. लेकीला वाटलं असंच असतं, ती म्हणाली, "वा बाबा, उडायला निघालंय!"

मी ह्यांचा चेहरा बघत होते. एवढ्या वर्षांत ह्यांना असं पांढरं पडलेलं पाहिलं नव्हतं. "नाक हलकं राहिलं," म्हणाले. "पुढच्या चाकाचं विमान असलं की नाकात वजन घालायचं असतं, पोट बंद करायच्या आधी. कागदावर काढलेलं असतं. ते मी विसरलो." मग थांबून म्हणाले, "दुसरा कुणी विसरेल. मी? आयुष्यभर दुसरं केलंच काय मी? उतरवताना आधी शेपटीकडचा माल काढायचा, नाहीतर विमान असं बसतं, हे मी पोरांना शिकवायचो. आणि मला तर स्पष्ट आठवतंय की मी घातलं होतं. म्हणजे न केलेलंही आता मला केल्यासारखं आठवायला लागलं."

ते खाली बसले. लेकीला म्हणाले, "तू म्हणतेस ते बरोबर आहे. घर आवरायला घ्या. येतो आम्ही."

माझ्या डोक्यात तेव्हा कुठे प्रकाश पडला. नाकात वजन. चकत्या. अरे देवा!

"अहो, तुम्ही विसरला नाहीत!" मी ओरडलेच. "तुम्ही घातल्या होत्या. मी काढल्या. माझ्या पडद्याच्या चकत्या. मला वाटलं तुम्ही लपवल्यात."

हे माझ्याकडे बघून हसले. ते हसू मला रागावण्यापेक्षा जड गेलं. "असू दे गं," म्हणाले. "माझ्यासाठी खोटं बोलू नकोस. तुला जमत नाही ते."

"खोटं? थांबा, आणून दाखवते. नीट ठेवल्यात मी." आणि मी उठले. उठले आणि उभीच राहिले.

कुठे ठेवल्या होत्या?

डबीत बघितलं. नव्हत्या. नर्सबाईंच्या पडद्यात? ते पडदे केव्हाच गेले, आणि त्यात मी नवीन आणलेल्या चकत्या घातल्या होत्या, ते आठवत होतं. यंत्राचा खण, बटणांची बरणी, दोऱ्यांचं खोकं. लेक म्हणाली, "आई, राहू दे." मी म्हटलं, "गप्प बस, आत्ता देते." तांदळाचा डबा उघडला, हात घातला, तर हाताला बॉबिन लागल्या. सहा बॉबिन. चादरींच्या घडीत मोठी कात्री. साखरेच्या बरणीमागे किल्ली. लेक एकेक वस्तू टेबलावर ठेवत गेली.

तांदळाच्या डब्यात ह्यांनी उभ्या आयुष्यात हात घातलेला नाही. चादरी मीच घडी करते. मी त्या वस्तूंकडे बघत होते आणि एक गोष्ट मला कळत होती आणि कळून घ्यायची नव्हती. वर्षभर मी चोर सोडून संन्याशाला फाशी देत होते.

तेवढ्यात हे उठले आणि खिडकीपाशी गेले. आमचा स्वतःचा पडदा, यंत्रामागचा, एका अंगाला ओढल्यासारखा लोंबत होता. मला वाटायचं दांडी तिरकी झाली. ह्यांनी खालचा कोपरा तळहातावर घेतला. डोळे मिटले. दोनदा वर-खाली केला.

"इथे आहेत," म्हणाले. "सात. आणि थोडं पुटीन."

लेकीने काठ उसवला. सात चकत्या, एकावर एक, एकाच कोपऱ्यात. पुटीनसकट. एकीवर ह्यांच्या अंगठ्याचा ठसा. आणि काठाला टाके माझे. बारीक, एकसारखे, आत दुमडून घेतलेले. असे टाके आमच्या आजूबाजूला दुसरं कुणी घालत नाही. पण मी ते कधी घातले, सकाळी की दुपारी, काही काही आठवेना. आजही आठवत नाही.

"म्हणजे हात बरोबर होता माझा," हे म्हणाले आणि त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. क्षणभरच. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सगळा उजेड गेला. मला भीती वाटली. खूप भीती वाटली. मी म्हटलं, "अहो, मला काय झालंय?" तर म्हणाले, "काही नाही. बस तू आधी."

लेक रडायला लागली. डोळे पुसून म्हणाली, "मग आता तर चलाच, बाबा. आता आईसाठी चला."

"आता तर मुळीच नाही," हे म्हणाले. सौम्य माणूस, पण त्या दिवशी असा आवाज काढला की मीच दचकले. "डॉक्टरकडे उद्या नेतो. तू म्हणशील त्या डॉक्टरकडे नेतो. पण ह्या घरात ती डोळे मिटून चालते. खिडकी कुठे, चूल कुठे, यंत्र कुठे, हे तिच्या हातापायांना पाठ आहे. तुझ्याकडे तिला पाणी कुठे ते विचारावं लागेल. भरलेला माल जागेवरून हलवायचा नसतो, पोरी. हलला की विमान कलंडतं."

लेकीला पटलं की नाही, ठाऊक नाही. डॉक्टरांना दाखवून झालं. गोळ्या चालू आहेत. ती आता दर रविवारी येते.

विमानाचं पोट पुन्हा उघडता येत नाही, एकजीव झालेलं. ह्यांनी चौकटीच्या उरलेल्या काडीचा एक बारीक टेकू केला, रंगवला आणि शेपटीखाली लावला. विमान सरळ उभं राहिलं. मला वाईट वाटलं तर म्हणाले, "अगं, खऱ्या विमानालासुद्धा माल चढवताना शेपटीखाली टेकू लावतात. त्यात विमानाला कुठे कमीपणा आहे?" चकत्या परत माझ्या डबीत आहेत. डबीवर ह्यांनी नंबर चिकटवलाय, चौकटीवर असतो तसा. सगळ्याच डब्यांवर चिकटवलेत, आणि यंत्रापाशी एक कागद लावलाय, नुसते बाण आणि आकडे. तो मात्र मला वाचता येतो.

काल फोनवर लेक म्हणाली, "आई, बाबांना शिवण कधीपासून यायला लागलं गं?"

मी म्हटलं, "का?"

"परवा तूच नाही का मला सांगितलंस? बाबांनी गुपचूप चकत्या घालून पडदा शिवला आणि वाकडा केला म्हणून. हसत होतीस."

मी असं सांगितल्याचं मला आठवत नव्हतं. फोन ठेवला आणि ह्यांच्या टेबलापाशी गेले. विचारलं, "पडद्यात चकत्या कुणी शिवल्या होत्या?"

मान वर न करता म्हणाले, "मी. परवा सांगितलं ना तुला. मला कुठे येतं शिवायला, वाकडा झाला."

मी खिडकीशी गेले. लेकीने उसवलेला काठ अजून तसाच होता, शेवटचे दहा-बारा टाके राहिलेले. चष्मा लावून पाहिले. एकसारखे, बारीक, आत दुमडलेले.

"वाकडेच आहेत हो तुमचे टाके," मी म्हटलं.

"तेच तर," हे म्हणाले, आणि घासायला घेतलेला पंख घासत राहिले.